बेशरमाच्या कुंपणावरची टोपी

कमलिनीबाई काळबांडे आयुष्यात एकदाच ठरवून खोटं बोलल्या, आणि तेही डॉक्टरांच्या नावावर. किरकोळ थापा सोडून द्या. उसनी साखर मागायला आलेल्या शेजारणीला "आमच्याकडेच संपली" असं सांगणं हे खोट्यात धरायचं ठरवलं तर भिलाईच्या एकाही सेक्टरमध्ये खरं बोलणारी बाई सापडणार नाही. हे खोटं मात्र त्यांनी दवाखान्यापासून सेक्टर दोनपर्यंत सायकलरिक्षात बसून नीट घोळवून तयार केलं होतं.

गोष्ट एक्याऐंशी सालची. गणपतीच्या आठवड्यात बाईंचे यजमान मारोतराव पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये उभ्या उभ्या घामाघूम झाले आणि छाती धरून खाली बसले. तीन आठवडे दवाखाना, मग घरी सक्तीचा आराम. डिसेंबरात ते पुन्हा कामावर जाऊ लागले, पण टेबलावरच्या. तपासणीचे कागद आणायला बाई एकट्या गेल्या, तेव्हा डॉक्टर अगदी मोकळेपणाने म्हणाले, की साहेबांची तब्येत छान आहे, आता त्यांना रोज चालू द्या, सपाटीवर, सावकाश. गोल्फसुद्धा खेळू द्या, फक्त घाई नको.

बाई घरी आल्या, कागद कपाटात ठेवले आणि मारोतरावांना म्हणाल्या, "डॉक्टरनं चालाले साफ मना केलं आहे."

यामागे त्यांचा भाऊ होता, सूर्यकांत. सात वर्षांपूर्वी पुलगावला स्टेशनवरून घरी येताना, हातात संत्र्यांची पिशवी, तो वाटेत एका लिंबाखाली दम खायला बसला आणि बसलाच. त्यालाही डॉक्टरांनी चालायलाच सांगितलं होतं. त्या दिवसापासून चालणारा माणूस दिसला की बाईंना तो लिंब आठवायचा, आणि रात्री दोनदा-तीनदा उठून त्या नवऱ्याच्या नाकासमोर हात धरून बघायच्या. डॉक्टर शिकलेले होते हे त्यांना मान्य होतं. पण ते लिंबाचं झाड डॉक्टरांनी पाहिलं नव्हतं.

आणि मारोतरावांना चालायचं नाही म्हणून सांगणं म्हणजे काय, हे बाईंशिवाय दुसरं कोण जाणणार? हा माणूस एकोणसाठ साली वर्ध्याकडून भिलाईत आला तेव्हा इथे धड रस्तेही नव्हते. साहेब लोकांना गोल्फला एकदा चौथा गडी कमी पडला म्हणून ते गेले आणि पुढची वीस वर्षं एक रविवार चुकला नाही. खेळात त्यांची फार गती होती असं नाही. चेंडू कधी तळ्यात, कधी झुडपात. "गोल्फ हे चालाचं निमित्त," ते म्हणायचे. "काठी अन् चेंडू घरच्याईले दाखवाले."

मरोदाच्या तळ्याच्या अंगाला मुरमाड माळ होता, त्यावर नऊ होलचं मैदान आखलेलं होतं. होलभोवती हिरवळ असते म्हणतात, ती इतरत्र असेल. इथल्या उन्हात ती टिकणार कशी? म्हणून होलभोवती वाळू पसरून तिच्यात मिलचं जळकं तेल मुरवायचे, की ती घट्ट बसायची आणि उडायची नाही. तिला सगळे ब्राऊन म्हणायचे. एका गड्याचं खेळून झालं की कॅडी ओलं पोतं ओढून ती पुन्हा सारखी करायचा. मारोतरावांचा कॅडी शालिकराम. जवळच्या गावचा, त्यांच्याच वयाचा. अठरा वर्षं त्यांची बॅग याच्या खांद्यावर होती.

बाकी सगळा माळ कुसळी गवताचा. रविवारी दुपारी मारोतराव घरी आले की मोजे काढून पायरीवर टाकायचे आणि कमलिनीबाई शेजारी बसून एकेक कुसळ वेचायच्या. कुसळ धुऊन निघत नाही, उलट आत शिरतं, हाताने वेचूनच काढावं लागतं. बाई वेचता वेचता कुरकुरायच्या, मारोतराव मूग गिळून चहा प्यायचे. सवंगड्यांच्या बायकांना नवऱ्यांनी कधी मोगऱ्याचे गजरे आणले असतील. यांनी वीस वर्षं कुसळं आणली.

मारोतरावांनी डॉक्टरांचा हुकूम ऐकून घेतला. वाद घातला नाही. गोल्फची बॅग खिळ्याला अडकवून ते व्हरांड्यात जाऊन बसले आणि चार रविवार तिथेच बसून राहिले. बाईंना वाटलं होतं ते भांडतील, मग आपणही भांडू, रडू, सूर्यकांतचं नाव काढू. गप्प बसलेल्या माणसाशी काय भांडायचं? शेवटी एका मंगळवारी ते बाजारातून मेथीच्या दोन जुड्या जास्तीच्या घेऊन आले, त्या ओट्यावर ठेवल्या आणि म्हणाले, चालायचं नाही ना, मग बसून खेळलं तर चालेल का? माणिकला विचारतो.

माणिक दुर्गच्या जुन्या मराठी घरातला पोरगा, नुकताच कारखान्यात इलेक्ट्रिकल शॉपला इंजिनिअर झालेला. भंगाराच्या लिलावात गोल्फ क्लबाने एक बॅटरीवर चालणारी माल वाहायची गाडी घेऊन ठेवली होती. माणिकने पंधरा दिवसांत तिच्या फळीवर ऑफिसातली वेताची खुर्ची नटबोल्टने आवळली, मागे बॅगेसाठी कड्या लावल्या आणि वर हॉर्नही बसवला. खुर्ची एकच होती, कारण जुनी बॅटरी दोन माणसं ओढत नव्हती. एकटा बसलेला आणि बाकीचे मागून पायी, असा तो थाट बघून क्लबातल्या टवाळांनी तिला नवरदेवाची गाडी म्हणायला सुरुवात केली. मारोतरावांनी तेही ऐकून घेतलं.

बाईंनी एक पांढरी कापडी टोपी आणली, तिला लाल पट्टी शिवली आणि नवऱ्याच्या डोक्यावर ठेवली. उन्हासाठी, असं म्हणाल्या. खरं कारण वेगळं होतं. क्लबाच्या व्हरांड्यातून पहिले दोन होल स्वच्छ दिसायचे. तिसऱ्यापासून मैदान बेशरमाच्या झुडपांमागे वळायचं आणि थेट नवव्यालाच पुन्हा नजरेस यायचं. पण गाडीवरची खुर्ची उंच असल्यामुळे त्यात बसलेल्या माणसाची टोपी झुडपांवरून दिसत राहायची. बाई विणकाम घेऊन व्हरांड्यात बसायच्या, दोन सुयांमधून नजर वर करायच्या. लाल पट्टीची टोपी बेशरमावरून सावकाश सरकताना दिसली की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. मोजे स्वच्छ येऊ लागले. रात्री बाई झोपू लागल्या, अगदी सकाळपर्यंत.

फक्त एकच त्रास होता. चोराच्या मनात चांदणं. सिव्हिक सेंटरला डॉक्टर दिसले की बाई रस्ता ओलांडून पलीकडे जायच्या. एकदा तर टेलरच्या दुकानात शिरल्या आणि गरज नसताना दोन ब्लाऊज शिवायला टाकून आल्या.

असे अकरा महिने गेले. डिसेंबरातल्या एका रविवारी, ऊन अजून कोवळं होतं, बाई स्वेटरची बाही विणत होत्या. टोपी सातव्या होलच्या जवळ आली आणि थांबली. बाईंनी एक ओळ विणली. टोपी थांबलेलीच. दुसरी ओळ विणली. टोपी जराशी पुढे झुकली आणि तशीच झुकलेली राहिली.

कमलिनीबाई उठल्या. लोकरीचा गुंडा घरंगळत पायऱ्यांवरून खाली गेला, सुया हातातच राहिल्या. वीस वर्षांत त्या मैदानावर त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. आता नऊवारी नव्हे पण पायांत येणारं जाड सुती पातळ सावरत, चपला मुरमावर घसरत, त्या सरळ रेषेत धावत सुटल्या. मधल्या एका ब्राऊनवरून गेल्या तेव्हा तेलकट वाळूत त्यांची पावलं उमटली आणि पोतं ओढणारा माणूस बघतच राहिला. त्यांना काहीच दिसत नव्हतं. फक्त एक लिंबाचं झाड दिसत होतं, आणि संत्र्यांची पिशवी.

बेशरमाची फांदी बाजूला सारून त्या पलीकडे गेल्या. गाडी उभी होती. खुर्चीत टोपी होती. टोपीखाली शालिकराम होता, हनुवटी छातीवर टेकवून तो मजेत घोरत होता.

बाईंनी त्याला विणकामाच्या सुईनेच टोचलं. तो दचकून उठला, टोपी काढून दोन्ही हातांत धरली आणि उभा राहिला.

"साहेब तो आघू निकल गे हे, बाई. पैदल," तो छत्तीसगढीत म्हणाला. "मोर गलती नइ हे. साहेबच मोला टोपी पहिरा दिस."

हळूहळू त्याने सगळं सांगितलं. दुसऱ्याच रविवारपासून हे चाललं होतं. दोन होल साहेब खुर्चीत बसायचे, व्हरांड्याकडे बघून एकदा हात हलवायचे. झुडपं आली की उतरायचे, मोजे काढून बॅगेत टाकायचे, उघड्या पायांवर कॅनव्हासचे बूट चढवायचे आणि शालिकरामला टोपी देऊन खुर्चीत बसवायचे. आठवा होल संपला की पुन्हा अदलाबदल. शालिकरामचे गुडघे दुखतात हेही साहेबांना ठाऊक होतं, म्हणून एका दगडात दोन पक्षी. सगळ्या क्लबाला माहीत होतं. माणिकला माहीत होतं. टोपी शिवणारीला तेवढं माहीत नव्हतं.

बाई पुढे निघाल्या. आठव्या होलच्या चढणीला, चढण कसली, चार पावलांचा उंचवटा तो, मारोतराव खांद्यावर एक काठी टाकून येत होते. चेहरा उन्हाने तांबूस झालेला. आणि ते गुणगुणत होते. चौतीस वर्षांच्या संसारात त्यांना गुणगुणताना बाईंनी कधी ऐकलं नव्हतं.

त्या तिथेच, मुरमावर, फतकल मारून बसल्या.

"तू इथं कशी?" मारोतराव म्हणाले.

"टोपी हालत नव्हती," बाई म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू फुटलं.

मारोतराव शेजारी बसले. बाईंनी आधी सुया फेकल्या, मग शालिकरामला, माणिकला, क्लबाला आणि गोल्फ शोधून काढणाऱ्या इंग्रजाला नावं ठेवली. मारोतराव मान डोलावत राहिले. सगळ्यात शेवटी, डोळे पुसून, बाईंनी आपलं हक्काचं हत्यार काढलं.

"डॉक्टरनं मना केलं ना तुमाले? मंग कावून चालून राहिले?"

मारोतराव काहीतरी बोलणार असं वाटलं, पण ते त्यांनी गिळलं.

"खुर्चीत बसून खेळणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं झालं," ते म्हणाले. "चेंडूपाशी चालत गेल्याबिगर तो चेंडू आपला वाटत नाही."

बाईंनी त्यांच्या मनगटावर बोटं ठेवली. नाडी लागत होती, शांत आणि ठोक्याला ठोका. डॉक्टर खरे ठरले होते, आणि हे कबूल करायची हीच वेळ होती. बाईंनी ते केलं नाही. अंगाशी आलेलं खोटंसुद्धा माणसाला सोडवत नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "पुढच्या रविवारपासून मीबी संगं येतो. खुर्चीत शालिकरामच बसू द्या."

आणि तसंच झालं. मारोतरावांचे जुने कॅनव्हासचे बूट, त्यात बोळे घालून, वर त्यांचेच मोजे, अशा अवतारात कमलिनीबाई दर रविवारी नऊ होल चालू लागल्या. पुढे गाडीत बॅग, थर्मास, विणकामाची पिशवी आणि टोपी घातलेला शालिकराम. मागून ही दोघं. क्लबातल्या बायकांनी तोंडाला पदर लावला. बाईंनी तिकडे लक्षच दिलं नाही.

चालताना त्यांना एक नवीच गोष्ट कळली. मारोतराव बोलायचे. रेल मिलमध्ये तापलेला रूळ करवतीखाली कापला जातो तेव्हा कानाशी ओरडलेलंही ऐकू येत नाही, सगळं काम हाताच्या खुणांवर चालतं. तीच सवय घरी आली होती. मीठ हवं असलं तरी हा माणूस दोन बोटं चोळून दाखवायचा. पण माळावर, कारखान्याची घरघर मागे पडली की त्यांना वाचा फुटायची. आर्वीच्या शाळेतले मास्तर, पहिल्या पगारात घेतलेली सायकल, पहिला रूळ मिलमधून बाहेर पडला तेव्हा रशियन इंजिनिअरने मारलेली मिठी, कमलिनीला पाहायला गेले तेव्हा पोह्यात लागलेला खडा. चौतीस वर्षं जपून ठेवलेलं सगळं ते एका होलपासून दुसऱ्या होलपर्यंत थोडं थोडं काढत होते. तळ्यावरचे बगळे कुठल्या दिशेने उडतात, कुठे तितर अंडी घालतो, लोखंड वितळवणाऱ्या धमनभट्टीचा उजेड दिवसा कसा ओळखायचा, हेही त्यांनीच दाखवलं.

बाईंना आनंद व्हायचा आणि त्याच वेळी मनातून जळफळाटही व्हायचा. हे सगळं इथे वीस वर्षं होतं आणि आपण व्हरांड्यात बसून बाह्या विणत होतो! कुणी बोलावलं नाही, खरं आहे. पण आपणही कधी उठलो नाही.

सव्वा वर्ष असं गेलं. पुढे नागपूरच्या घरात, मारोतराव असताना आणि ते गेल्यावरही, भिलाई म्हटलं की बाईंना कारखाना आठवायचा नाही, क्वार्टरही नाही. ते सव्वा वर्षाचे रविवार आठवायचे, तेलकट वाळूच्या वासासकट.

चौऱ्याऐंशीच्या मार्चमध्ये मारोतराव रिटायर झाले. रिटायर झालं की क्वार्टर सोडायचं, भिलाईचा नियमच तसा. लावलेलं लिंबू, कढीपत्ता, दारातली जास्वंद पुढच्याच्या हवाली करायची. ट्रक सोमवारी येणार होता. रविवारी सकाळी दोघं शेवटचे नऊ होल चालायला गेले.

खोटं बाईंच्या मनात कुसळासारखं आत आत शिरलं होतं. दर रविवारी त्या ठरवायच्या, आज सांगू, आणि नववा होल यायचा. आता पुढचा रविवार नव्हता. नवव्या ब्राऊनवर मारोतरावांनी चेंडू आत ढकलला, शालिकराम पोतं आणायला गेला, आणि बाई वाळूच्या कडेला उभ्या राहून एका दमात बोलल्या.

"डॉक्टरनं तुमाले चालाले मना नव्हतं केलं. रोज चाला म्हणे. मीच खोटं बोलली."

मारोतराव वाकून होलमधून चेंडू काढत होते. तो त्यांनी रुमालाने पुसला.

"मले माहीत आहे," ते म्हणाले.

"कवापासून?"

"गाडी याच्या आंधीपासून. डॉक्टर मले मंगळवारच्या बाजारात भेटले. मेथी घेऊन राहिले होते. म्हणे, काळबांडे, चालणं सुरू केलं का नाही?"

बाईंना दोन ब्लाऊज आठवले, टेलरचं दुकान आठवलं. मग राग आला.

"मंग लोकाईचं हसू करून घेत त्या खुर्चीत कावून बसले? मले तेव्हाच कावून नाही सांगतलं?"

मारोतरावांनी चेंडू खिशात टाकला. शालिकराम पोतं ओढत आला होता, त्यांच्या दोघांच्या पावलांभोवतीची वाळू सोडून बाकीची सारखी करत होता.

"गाडीची गोष्ट काढली त्या रात्री तू झोपली," ते म्हणाले. "सूर्यकांत गेल्यापासून पहिल्यांदा. मी जागाच होतो. तुझा हात नाही आला नाकापाशी. म्हटलं, दोन होल बसून जावं, आपलं काय जाते."

शालिकरामने त्यांना बाजूला व्हायला सांगितलं आणि त्यांची शेवटची पावलं पुसून टाकली. गाडी त्याच्याच हवाली करून दोघं घरापर्यंत पायीच आले, सेक्टर दोनपर्यंत.

घर रिकामं होतं, सामान गाठोड्यांत बांधलेलं. बाई सवयीने पायरीवर बसल्या आणि मोज्यांसाठी हात पुढे केला. मारोतरावांनी मोजे दिले नाहीत. ते एक पायरी खाली बसले, चष्मा नाकावर सरकवला, बाईंच्या पातळाचा काठ हातात घेतला आणि त्यातली कुसळं एकेक करून वेचू लागले. त्यांना ते नीट जमत नव्हतं, अर्धी तुटून आतच राहत होती. बाईंनी त्यांना शिकवलं नाही. चहा करायला भांडंही बाहेर नव्हतं, म्हणून त्या ऊन डोक्यावर येईपर्यंत तशाच बसून राहिल्या.